किरकोळ मार

मेलबर्नमधल्या एका ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या शिस्त समितीपुढे दोनदा लांबलेली सुनावणी अखेर सुरू झाली. अध्यक्षबाईंनी शिक्षेचा तक्ता पुढ्यात ओढला.

महिन्यापूर्वी अंतिम सामन्यात, चेंडू उचलायला वाकलेल्या ईशानच्या कानशिलात समोरच्याने धावत येऊन खांदा घातला होता. तेव्हापासून ईशानला उजेड सोसत नव्हता, दोन ओळी वाचता येत नव्हत्या आणि त्या दिवसाचं तर काहीच आठवत नव्हतं. काळा चष्मा लावून तो वडिलांशेजारी बसला होता.

“निदान वर्षभर तरी त्या धडक देणाऱ्याला मैदानाबाहेर ठेवा,” डॉक्टर टिपणीस म्हणाले. “माझ्या पोराचं कॉलेज सुटलंय.”

“धडक किती जोराची, हे आम्ही त्या दिवशीच्या वैद्यकीय दाखल्यावरून ठरवतो,” बाई म्हणाल्या. “यात ‘किरकोळ मार, खेळायला हरकत नाही’ असं आहे. एका सामन्याची बंदी.” त्यांनी दाखला टिपणिसांसमोर सरकवला.

तो टिपणिसांनीच लिहिला होता. क्लबचे डॉक्टर तेच. तेव्हा सामन्याची वीस मिनिटं उरली होती आणि ईशानसारखा गोल मारणारा संघात दुसरा नव्हता.

ईशान कुजबुजला, “बाबा, असं कुठल्या गाढवाने लिहिलंय?”