प्लेट की सळई

कॉलरबोन मोडलं तर प्लेट बसवावी की आतून सळई घालावी, यावर डॉक्टर दिव्यानीनं दोन वर्षं अभ्यास केला होता. आरमोरीकडून आलेल्या ललिताला ती मन लावून समजावत होती.

"सळईला बारीकशी चीर पुरते, पण हाड जुळलं की ती काढावी लागते. प्लेट जास्त पक्की, पण कातडीखाली हाताला लागते. दोन्हींनी हाड जुळतं. तुला काय हवं?"

"काई बी करा, पण लवकर करा. धान कापाले आला," ललिताचा नवरा म्हणाला आणि एक्स-रे आणायला गेला. धानाच्या बांधीत पाय घसरून बायको पडली, असं त्यानंच सांगितलं होतं.

तो बाहेर जाताच ललितानं हळूच विचारलं, "मॅडम, पुन्हा मार बसला तर कोणतं टिकते?"

"पुन्हा कशाला पडशील?"

"मी पडलीच नाई."

दिव्यानीनं दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोलिसांना कळवू?"

"मंग इथून जाऊ कुठी?"

अभ्यासातल्या साठ रुग्णांची आकडेवारी दिव्यानीला तोंडपाठ होती, पण त्यात हा प्रश्न कुठंच नव्हता. दारात नवऱ्याच्या चपला वाजल्या. तिनं मान खाली घालून केसपेपरवर लिहिलं, 'प्लेट'.