सरावाचं पान

म्हाताऱ्या लेखकाची कादंबरी जिथे अडायची, नेमका तोच प्रसंग तो आपल्या विद्यार्थिनीला सराव म्हणून लिहायला द्यायचा. पोरगी असं काही लिहून आणायची, की वाचता वाचता तो हातातला चहा प्यायचाही विसरायचा. मग तो लाल पेन्सिलीने पानभर फुली मारायचा. "नुसतं पाल्हाळ लावलंयस. राहू दे ते इथेच, मी टाकून देतो." ती मान खाली घालून निघायची, आणि तिची पाठ वळली रे वळली की तो दाराला कडी लावून ते पान स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायचा.

आता फक्त शेवट उरला होता. भांडून गेलेला मुलगा दारात उभा राहतो आणि बाप त्याच्याशी पहिलं वाक्य बोलतो, बस्स. पण ते वाक्य काही केल्या सुचत नव्हतं. प्रकाशकाचे फोनवर फोन येत होते. "अहो, दोन घास तरी खाऊन घ्या," म्हणून बायको थकली होती. आणि तो प्रसंग सरावाला नेलेली पोरगी आठवडाभर फिरकलीच नव्हती.

बेल वाजली तसा तो अनवाणीच धावला.

"आणलंस? दे, दे पोरी लवकर," त्याने दारातच हात पसरला. "बघू किती चुकलंयस ते."

तिने शांतपणे पान पुढे केलं.


"फुली घरूनच मारून आणलीये, सर. तुम्ही नुसतं उतरवून घ्या."