बारा आठवडे, नऊ दिवसांत

"घ्या, झालं," म्हणत झटपटरावांनी वही समुपदेशक बाईंच्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच उठायची तयारी केली.

बाईंनी वही उघडली. हृदयविकाराच्या रुग्णांचा स्वभाव थोडा सैल करणं, हे त्यांचं काम. गोळ्या डॉक्टर देत, गृहपाठ बाई देत. सगळ्यात लांब रांगेत उभं राहायचं, प्रत्येक घास सावकाश चावायचा, घड्याळ न घालता फिरून यायचं, असा बारा आठवड्यांचा अभ्यास होता. झटपटरावांनी तो नऊ दिवसांत उरकला होता. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती.

"एका दिवसात चार रांगा?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे महिन्याचं काम संपलं ना. तिसऱ्या रांगेत बिलाच्या मशीनमध्ये कागद अडकला होता. मीच आत जाऊन काढून दिला, नाहीतर अजून तिथंच उभा असतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांना ते फार जड गेलं.

झटपटराव किल्ल्या बनवत. गिऱ्हाइकाने तोंड उघडायचा अवकाश, यांचं मशीन सुरू. क्वचित कपाटाऐवजी फाटकाची किल्ली तयार व्हायची, पण तीन मिनिटांत व्हायची. सहा आठवड्यांपूर्वी त्याच मशीनपुढे त्यांच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी बजावलं, "नळ्या आम्ही मोकळ्या केल्या. पण ही धावपळ सुटली नाही, तर पुन्हा इथंच भेट होईल."

म्हणून दुकान विकायचं ठरलं. दुसरं कोण बघणार? एकुलत्या एक मुलीला ते नको होतं. तसं ती स्वतःच सांगायला आली होती, एकदा नाही, दोनदा. "बाबा, दुकानाचं मला..." एवढं म्हणून ती शब्द शोधत थांबली, तेवढ्यात झटपटरावांनी वाक्य पुरं करून टाकलं. "नको आहे, ठाऊक आहे मला. जबरदस्ती कोण करतंय तुझ्यावर? बंद पडलंय ते विकून टाकू." तीस वर्षांचं दुकान. फार लागलं होतं त्यांच्या मनाला, पण ते वाईट वाटणंही त्यांनी घाईघाईत आटोपलं.

मुलगी बोलायची रमतगमत. एका वाक्यात दोनदा थांबायची, विचार करायची, मग पुढे जायची. झटपटरावांना तेवढा धीर कुठला? रोज सकाळी ती चपला घालू लागली की स्वतःच विचारत, "कुठं निघालीस?" आणि स्वतःच उत्तर देत, "मैत्रिणीकडे ना? जा, जा." ती क्षणभर दारात उभी राहायची आणि निघून जायची. संध्याकाळी दमून परत यायची. हल्लीच्या मैत्रिणी माणसाला इतकं दमवतात, याचं झटपटरावांना नवल वाटे.

बाईंनी वहीवर आडवी रेघ मारली. "हे सगळं रद्द. आता एकच करायचं. घरातल्या एका माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐका. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही."

"किती मिनिटं?"

"ते बोलणाऱ्यावर आहे."

"मग आजच उरकतो," झटपटराव म्हणाले.

घरी आले तेव्हा साडेचार वाजले होते. दुकान घेणारे गृहस्थ पाच वाजता कागद घेऊन येणार होते. ते परगावचे. आतापर्यंतचं सगळं बोलणं फोनवरच झालेलं. मुलगी आज लवकर घरी आली होती. झटपटरावांनी तिला समोर बसवलं. "बोल. काय वाटेल ते बोल. मी मध्ये बोलणार नाही, बाईंनी सांगितलंय."

मुलीचा विश्वासच बसेना. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून ती वाट बघत राहिली. झटपटरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको हे बघत होती. दुधाखालचा गॅस बंद करायचंही तिला सुचलं नाही.

"बाबा," मुलगी शेवटी म्हणाली, "दुकानाचं मला..."

आणि थांबली. पुढचा शब्द झटपटरावांच्या अगदी ओठांवर आला. त्यांनी ओठ मिटून घेतले. कपाळावर घाम आला. स्टेंट घालताना इतका त्रास झाला नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. बायकोने दार उघडलं. गृहस्थ आत आले, नमस्कार करून बसले, पिशवीतून कागद काढून त्यांनी पेनसुद्धा पुढे केलं. झटपटरावांनी त्यांना हाताने थांबवलं आणि मुलीकडे बघत राहिले.

"दुकानाचं मला... एवढंच सांगायचंय," मुलगी म्हणाली, "की ते बंद नाहीये. तुम्हाला दवाखान्यात नेलं ना... त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मीच उघडतेय. रोज."

आत दूध उतू गेल्याचा वास आला. झटपटरावांनी बायकोकडे पाहिलं.

"मीही सांगायला आले होते," बायको म्हणाली. "मी तोंड उघडायच्या आधीच तुम्ही म्हणालात, गोळी घेतली, घेतली."

झटपटरावांचे डोळे भरून आले. ते पुसायची त्यांनी घाई केली नाही.

गृहस्थ पेन धरून अवघडले होते. "मग आता कसं करायचं?" त्यांनी झटपटरावांना विचारलं.

"मला काय विचारता? दुकान जी चालवतेय, तिला विचारा," झटपटराव म्हणाले. "आणि उत्तराला तिला वेळ लागतो. तेवढं थांबा."