किटवरचं नाव

साथीच्या वॉर्डात नातेवाइकांना मज्जाव होता, त्यामुळे ठमी दवाखान्यात आली ती थेट बाबा गेल्यावर, त्यांचं सामान न्यायला. चष्मा, दाढीचं सामान आणि चार्जर असलेली पिशवी हातात देताना नर्स चाचरत म्हणाली, "ताई, एक लबाडी केलीये मी. बाबा सारखे 'ठमी, ठमी' करायचे, घास म्हणून घेईनात. किट घातलं की आमचा चेहरा दिसत नाही, म्हणून आम्ही छातीवर मार्करनं आपापलं नाव लिहितो. मी तुमचं लिहिलं. हातातलं काम संपलं की त्यांच्या उशाशी बसायचे. 'बाबा, नाटकं पुरे, आ करा,' असं दटावत अकरा दिवस भरवलं त्यांना."

ठमीच्या डोळ्यांना धार लागली. इतके दिवस उरावर बसलेला धोंडा जरा हलला.

"लबाडी कसली, सिस्टर! लेक जवळ आहे, या समाधानात तरी गेले ते."

नर्सनं मान खाली घातली.

"नाही हो, ताई. पहिल्याच दिवशी विचारलं त्यांनी मला, 'तू कोणाची गं? माझी ठमी एवढा वेळ कधी बसली नाही.'"