बारावा रविवार

"बोराएवढा," श्यामराव म्हणाले. "तुझ्या आईचा कोफ्ता बोराएवढा राहत होता. हा तर लिंबू झाला."

नीलिमानं हातातला गोळा मोडून त्याचे दोन केले. पहिल्या रविवारी तिनं वाद घातला होता, तेव्हा बाबांनी तिच्या तळहातावर बोटानं गोल काढून दाखवला होता. तेवढाच, हे तिलाही आतून पटलं होतं.

आईला जाऊन चार महिने झाले होते. कलावतीनं पाककृतींची वही वगैरे ठेवली नव्हती. रेल्वेच्या महिला समितीत कुणा साहेबाच्या बायकोनं शिकवलेला ओव्हनचा पास्ता तिनं तात्यापाऱ्यातल्या या घरी आणला आणि पार आपला करून टाकला. थरांमध्ये मटणाच्या खिम्याचे कोफ्ते, त्यात खसखस आणि शहाजिरं. वर महागाच्या चीजऐवजी शिळ्या ब्रेडचा चुरा आणि तूप. माप विचारलं की ती मूठ पुढे करायची. "हे."

ती मूठ गेली. आता ती चव एकाच माणसाच्या जिभेवर उरली होती. म्हणून दर रविवारी नीलिमा समता कॉलनीतून स्कूटीनं यायची, पास्ता करायची आणि बाबांपुढे ठेवायची. आजचा बारावा रविवार. शेवटचाही, उद्या तिला बँकेच्या दूरच्या जगदलपूर शाखेत रुजू व्हायचं होतं. आज जमलं तर जमलं.

बाबांची परीक्षा कडक होती, पण नीलिमाला तिचा अभिमानच वाटायचा. चौतीस वर्षं रेल्वेच्या वॅगन कारखान्यात काढलेला माणूस. चाकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून आतली भेग सांगायचा. पास्त्याचंही तसंच. आधी चमच्याच्या पाठीनं वरच्या खरपूस थरावर ठकठक, कान देऊन. मग कोफ्ता दाबून पाहायचा. मग डोळे मिटून एक घास. "थर मऊ पडला." "कोफ्ता रबर झाला." "ताटात बसला पाहिजे, पसरला नाही पाहिजे." दर वेळी एकच चूक, आणि दर वेळी खरी. मीठ-तिखटाबद्दल चकार शब्द नाही. "ते कोणीबी सांगते," म्हणायचे. "मिस्त्री आतलं पाहते."

निकाल काहीही लागो, तिनं ताट संपवल्याशिवाय तिला उठू देत नसत. पहिले दोन महिने तिला घास उतरत नव्हता. आता उतरत होता.

आधी बाबा असे नव्हते. मीठ चिमूटभर कमी पडलं तरी ताट सरकवायचे. मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा-बायको दोघं एकाच खोलीत सतरा दिवस पडून राहिले, आणि त्यातून उठल्यावर बाबांनी भाजीला नावं ठेवणंच सोडलं. आई हसायची. "तापानं तुझा बाप सुधरला, पोरी."

कोफ्ते वळून होत आले होते. एका शेगडीवर पांढऱ्या सॉसचं दूध तापत होतं. नीलिमानं कोपरानं मिठाचा डबा ढकलून पाहिला, रिकामा. श्यामराव चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा घेऊन आले.

"फ्रिजवर ठेवा बाबा, माझे हात भरले आहेत. घेते मी."

पुडा फ्रिजवर ठेवून ते शेगडीशेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या विमलाकाकू वाटी परत द्यायला आल्या होत्या, वाटीत मूठभर चिवडा घालून.

"काहून वो नीलिमा, कॉलनीतले सगळे पोट्टे पास होऊन गेले. तू अजून बापाच्या पेपरात नापासच?"

"आज शेवटचा अटेम्प्ट आहे काकू."

"माय गंऽ! जळून राहिलं काहीतरी!"

नीलिमा धावली. दूध तळाला लागून काळं झालं होतं आणि सगळ्या स्वयंपाकघरात करपट वास भरला होता.

"बाबा! इथंच तर बसले होते तुमी!"

श्यामरावांनी पेपर खाली केला. पातेल्याकडे पाहिलं. "वाचून राहिलो होतो," ते ओशाळून म्हणाले.

तिनं पातेलं पाण्यात टाकलं, दुसरं चढवलं. उरलेलं सगळं घाईघाईत झालं. कोफ्ते परतले, टोमॅटो आटवले, पास्ता उकळून निथळला, थरावर थर लावले. काचेची खिडकी असलेला आईचा गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन चाळीस मिनिटं कुरकुरला. झाकण काढलं तेव्हा वरचा थर तांबूस, कडेला बुडबुडे, आणि आतून एकही कोफ्ता फुटलेला नाही. इतका देखणा पास्ता तिच्या हातून कधी झाला नव्हता.

श्यामरावांनी ठकठक केलं. ऐकलं. कोफ्ता दाबला. घास घेऊन डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.

"हेच," ते म्हणाले.

"काय?"

"हेच होय, नीलू. कलावतीचा."

तिचा हात ताटावरच थांबला. "खरं सांगून राहिले ना? मी उद्या जाऊन राहिली म्हणून तर नाही?"

"चौतीस वर्षांत एक फुटकं चाक पास नाही केलं म्या. तुले काहून करीन?"

त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. भराभर जेवले. शेवटी बोटानं ताट निपटलं आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत म्हणाले, "मीठसुद्धा. अगदी तिच्याच हातचं."

बारा रविवारांत ते पहिल्यांदाच मिठाबद्दल बोलले होते. नीलिमानं डोळे पुसले, हसली, आणि आपल्या ताटातला पहिला घास तोंडात घातला.

मग तिनं हळूच मान वर केली. फ्रिजवर मिठाचा पुडा होता, न फोडलेला.