न वाजलेला सायरन

शुभ्राने एंटर दाबलं. टेबलावरच्या जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्राचा दिवा लुकलुकला आणि भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं धावू लागली.

दुबईतल्या देरा भागातल्या विमा कंपनीच्या त्या मीटिंग रूममध्ये चौघंच होती. चौकशी करणाऱ्या कशफ मॅडम. शीतगृहांची कंट्रोल यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचा सॉफ्टवेअर हेड सत्यजित दातीर. दाराशी काळा चष्मा लावून बसलेला खैरुद्दीन. मासळीच्या शीतगृहात अमोनिया गळला त्या दुपारी तो ड्युटीवर होता. सायरन वाजलाच नाही, आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. चौथी शुभ्रा, कुशलची बायको. टेस्टिंगसाठी बंद केलेला सायरन आपल्याच कंपनीचा साइट इंजिनियर कुशल चालू करायला विसरला, असं सत्यजितने लिहून दिलं होतं. कुशलची नोकरी गेली, व्हिसा गेला. पुण्याला परतल्यापासून तो गॅलरीत नुसता बसून असे. कॉम्प्युटरला त्याने पुन्हा हात लावला नव्हता. शुभ्रा स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीवर, लेक इराच्या शाळेसाठी, इथंच राहिली होती. आज तिने खैरुद्दीनला सलाम केला, तर त्याने तोंड फिरवलं.

शीतगृहातला मूळ बोर्ड अमोनियाने खाल्ला होता, आणि तसले बोर्ड आता बनतही नव्हते. उरली होती फक्त त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामची फाइल, कशफ मॅडमच्या ताब्यात, सीलबंद. म्हणून शुभ्राने एम्युलेटर उभा केला. एका यंत्राच्या पोटात दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, गॅसचा सेन्सर कुठे जोडलेला, सायरन कुठे, सगळं तिने जुन्या बोर्डाप्रमाणे जुळवलं. तेवढ्यात विमा कंपनीने कळवलं की बाहेरचा लॅपटॉप चालणार नाही, पुरावा आमच्याच यंत्रावर चालला पाहिजे. त्या यंत्राचा प्रोसेसर निराळ्याच जातीचा. म्हणजे आपल्या लॅपटॉपवर बसून एम्युलेटर त्या परक्या प्रोसेसरसाठी कंपाइल करायचा, त्याला कळेल अशा भाषेत उतरवायचा. पण ही जुळणी दर वेळी लॅपटॉपच्याच लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे तुकडे, उचलायची आणि मध्येच मरायची. “मम्मा, जस्ट लीव्ह इट,” इरा म्हणायची. शुभ्राला गॅलरीतला कुशल दिसायचा. ती सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायची. रागासारखा राबणारा गडी नाही, हे तिला त्या दिवसांत कळलं.

पडद्यावर गॅसचा आकडा चढू लागला. धोक्याची पातळी ओलांडली. त्या दुपारी शीतगृहाचं नेटवर्क बंद होतं, हे सगळ्यांनाच मान्य होतं. शुभ्राने तेही बंद ठेवलं होतं. प्रोग्रामने आधी हेड ऑफिसला मेसेज पाठवला आणि सायरन वाजवण्याआधी, नेटवर्कअभावी कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत बसला. गॅस चढत राहिला. सायरनचं बटण चालू होतं, तरी सायरन गप्प.

सत्यजित हसला. हे यंत्र वहिनींनीच बनवलंय, तेव्हा ते त्यांना हवं तेच दाखवणार, असं त्याने कशफ मॅडमना इंग्रजीत समजावलं.

शुभ्रा याच वाक्याची वाट पाहत होती. तिने दुसरी सीलबंद फाइल मागितली. अपघातानंतर आठवड्याभरात सत्यजितच्या कंपनीने आपली यंत्रणा असलेल्या बाकीच्या शीतगृहांत रुटीन अपडेट म्हणून गुपचूप बसवलेली. कशफ मॅडमनी ती स्वतः यंत्रात चढवली. एम्युलेटर तोच, गॅस तोच, नेटवर्क तसंच बंद.

सायरन कर्कश वाजला.

खैरुद्दीन ताडकन उठला. भिंत चाचपत दाराकडे धडपडला. शुभ्राने धावत जाऊन त्याचा हात धरला, काही झालं नाही म्हणून सांगितलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं. त्याचा हात तिने हातातच ठेवला.

कशफ मॅडमनी आवाज बंद केला. सत्यजितला विचारलं, चूक आठवड्यात दुरुस्त केलीत, म्हणजे तुम्हाला ती सापडली होती. मग महिनाभराने रिपोर्टात कुशलचं नाव कसं आलं?

सत्यजित शुभ्राकडे झुकला. हलक्या आवाजात मराठीत म्हणाला, “वहिनी, हे इथंच थांबवा. माझीही पोरं इथं शिकतायत. आपण घरी बसून बोलू.”

शुभ्राने नुसतं कशफ मॅडमकडे बोट दाखवलं.

तो इंग्रजीत सुरू झाला. प्रोसेस, कम्युनिकेशन गॅप, टीमवरचं प्रेशर.

“हिंदी में, दातीर साहब,” शुभ्रा म्हणाली. “जिनकी आँखें गईं, वो यहीं बैठे हैं.”

मग त्याला हिंदीत सांगावं लागलं. चूक त्याच्या प्रोग्राममध्ये होती. ती त्याला कळली होती. कुशलने सायरन बंद केलाच नव्हता. शुभ्रा पापणी न लववता बघत होती. तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

खैरुद्दीनने सत्यजितकडे मान वळवलीच नाही.

“बहन,” तो म्हणाला, “मैंने कुशल साहब को बहुत बद्दुआएँ दी हैं. हर नमाज़ के बाद. अब वापस कैसे लूँ?”

शुभ्राने त्याचा हात अजून सोडला नव्हता.

“वापस मत लीजिए, भाईजान. बस नाम बदल दीजिए.”