एकूण नोंदी : एक

गुरुवार, १२ फेब्रुवारी २००४. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी भोकरदनच्या बसस्थानकासमोरच्या संगणक वर्गात रक्तदात्यांची यादी उघडली गेली. तीत चारशे बारा नावं असायला हवी होती. पडद्यावर आलं : एकूण नोंदी, एक.

वर्ग चालवणाऱ्या शरयूने पान बंद करून पुन्हा उघडलं. आकडा तोच. नावही एकच : तातेराव, वय एकाहत्तर, रक्तगट ओ पॉझिटिव्ह.

तिच्या खुर्चीमागे धर्मराज उभा होता. त्याची बायको दुर्गा पहाटे बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिला जालन्याला हलवलं होतं. जवळ त्याची आई, गोजरबाई, होती. तिथल्या रक्तपेढीत बी निगेटिव्हची एकच पिशवी निघाली. आणखी दोन लागतील, माणसं दुपारी दोनच्या आत पोचवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. धर्मराजने वर्गात चार वेळा फोन लावून पाहिला. लाइन इंटरनेटला जोडलेली, त्यामुळे दर वेळी एंगेज. शेवटी तो जीप करून आला. रक्तदात्यांना घेऊन लगेच निघायचं म्हणून खाली जीप चालूच ठेवली होती.

"अकरा जण हायेत म्याडम बी निगेटिव्हचे," तो म्हणाला. "सरांनी भाषणात सांगितल्तं. मी पुढंच बसल्तो."

सर म्हणजे वामन सर, रक्तदाता मंडळाचे अध्यक्ष आणि शाळेतले गणिताचे शिक्षक. निरोप मिळताच ते सायकलवर आले. तोवर शरयूला यादीची प्रत असलेली फ्लॉपी सापडली होती. तिने ती लावली. ड्राइव्ह कुरकुरला, आणि ही फ्लॉपी फॉरमॅट करायची आहे का, असा प्रश्न पडद्यावर आला. म्हणजे प्रतही वाचली जात नव्हती.

मग तिने यादीचा प्रोग्रॅम उघडला. पीएचपी या संगणकभाषेतल्या चाळीस ओळी, पुस्तकात बघून स्वतः लिहिलेल्या. अकराव्या ओळीत फाइल उघडण्याची आज्ञा होती आणि तिच्या शेवटी एक अक्षर, डब्ल्यू. त्याचा अर्थ, फाइल उघडताना आतलं सगळं पुसायचं आणि नव्याने लिहायचं. जुनं ठेवून खाली भर घालायची, तर तिथे ए हवा होता.

चारशे बारा नावं तिने प्रोग्रॅमच्या पडद्यावरच्या फॉर्ममधून भरलीच नव्हती. तीन दिवस बसून सरळ फाइलमध्ये टाइप केली होती. नंतर फॉर्म एकदा तपासून बघते, असं ती म्हणाली होती. वामन सरांनी थांबवलं होतं. सव्वीस जानेवारीला उद्घाटन होतं, तातेराव पाहुणे होते. फॉर्मातली पहिली नोंद पाहुण्यांच्या हातची, तोवर बटनाला कुणी हात लावायचा नाही. तातेरावांनी बटन दाबलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. पुढचे सतरा दिवस यादीची कुणाला गरज पडली नाही.

"म्हणजे त्या बटनानं सगळी नावं गेली?" सरांनी विचारलं.

"हो. तेव्हाच."

धर्मराज दोघांकडे बघत होता. "आमी टाळ्या वाजवून राह्यलो व्हतो तवा?"



दात्यांनी भरून दिलेले कागदावरचे फॉर्म कुठे आहेत, असं शरयूने विचारलं.  फॉर्मची मागची बाजू कोरी होती. नावं संगणकात गेली, आता कागद कशाला, म्हणून सरांनी गठ्ठा शाळेत नेला होता. मुलांना गणिताच्या कच्च्या कामाला. या आठवड्यात चाचणी परीक्षा होती. आत्ताही सातवीचा पेपर चालू होता.

निघण्याआधी शरयूने डब्ल्यू खोडून ए टाकला. यादीत तातेराव तेवढे होते.

सव्वाअकराला वामन सर सातवीच्या वर्गात शिरले. पाठोपाठ धर्मराज, तो चपला हातात धरून दारातच थांबला.

"पेन खाली ठेवा," सर म्हणाले. "कच्च्या कामाचा कागद उलटा करा. रक्तगट लिहिलेला आहे, तो मोठ्यानं वाचा. एकेकानं."

ओ पॉझिटिव्ह. बी पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्ह. कुणाचा कागद चुरगळलेला होता, तो मांडीवर सपाट करून वाचला गेला. आधीच्या दोन पेपरांचे कागद कुठे गेले, ते शिपायाला सांगता आलं नाही. कपाटात साठेक उरले होते. शरयूने ते दोनदा चाळले. बी निगेटिव्ह त्यात नव्हता.

तिसऱ्या रांगेतली मुलगी उभी राहिली. "बी निगेटिव्ह, सर."

सोनूबाई, वय चौतीस, गाव वालसावंगी. फोन शेजाऱ्यांचा. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं : केव्हाही बोलवा. कागदाच्या मागे त्रैराशिक अर्धं सुटलेलं.

शाळेत फोन एकच, मुख्याध्यापकांच्या टेबलावर. धर्मराजने आधी जालन्याला लावला, एक बाई सापडली म्हणून सांगितलं, आणि काही कमीजास्त झालं तर याच नंबरवर कळवा म्हणाला. अकरा चाळीसला वालसावंगीचा फोन लागला. शेजारी अप्पाराव बोलले. सोनूबाई रानात गेली आहे, रान जवळच आहे, तिला घेऊन येतो.

"ठेवू नका मातर," ते म्हणाले. "आमचा फोन परत लागत न्हाई. धरून बसा." आणि रिसिव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

शाळेच्या फाटकात जीप चालू होती. धर्मराजने रिसिव्हर कानापासून हलवला नाही. पलीकडून पिठाची गिरणी ऐकू येत होती, दुसरं काही नाही.

बारा वाजून दहा मिनिटं झाली. गिरणी चालूच होती. जालन्याहून कुणी फोन लावत असेल, तर तिकडे एंगेज ऐकू येत असणार.